प्रकाशसंश्लेषणाचा धडा : साखळी आहे, पुरावा कोठे?

अकरावीच्या जीवशास्त्रात प्रकाशसंश्लेषणाचा धडा शिकवताना एक आकृती फळ्यावर काढावीच लागते. इंग्रजी झेड अक्षर आडवे पाडावे तशी ती दिसते. एका टोकाला पाणी, दुसऱ्या टोकाला एनएडीपी, दोन ठिकाणी प्रकाशाचे बाण आणि मधल्या उतारावर इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या पदार्थांची नावे. विद्यार्थी ही आकृती वहीत उतरवून घेतात, पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक काढतात. ती काढणाऱ्या विद्यार्थ्याला आपण एक साधा प्रश्न विचारावा : पानाच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या पडद्यांवर इलेक्ट्रॉन याच क्रमाने जातात हे कोणाला, कसे कळले? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. दोष विद्यार्थ्याचा नाही. पुस्तकात ते उत्तर नाही.

आम्ही येथे ज्या पुस्तकाविषयी लिहीत आहोत ते एनसीईआरटीचे अकरावीचे जीवशास्त्र. हेच पुस्तक निवडण्याचे कारण मराठवाड्यातील शिक्षकांना सांगायला नको. लातूर आणि नांदेड ही शहरे वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी राज्यभर ओळखली जातात. 'लातूर पॅटर्न' हा शब्द मराठी घरांत रुळलेला आहे. नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्याजवळ असलेल्या इस्लापूरसारख्या गावातील मुलालाही डॉक्टर व्हायचे असेल तर नीटची परीक्षा द्यावी लागते आणि नीटसाठी हे पुस्तक ओळ न् ओळ वाचावे लागते. जे पुस्तक इतक्या निष्ठेने पाठ केले जाते, त्याचे परीक्षणही तितक्याच काळजीने व्हायला हवे.

चांगली सुरुवात, अचानक शेवट

प्रथम या धड्याचे गुण सांगू. त्याची सुरुवात उत्तम आहे. प्रिस्टलेची मेणबत्ती आणि उंदीर, इंगेनहाउस यांनी पाणवनस्पतीवर घेतलेले प्रयोग, झाक्स यांचे स्टार्चविषयीचे काम, एंगेलमान यांनी लोलकाने प्रकाशाचे पट्टे पाडून शेवाळावर टाकले तो सुंदर प्रयोग आणि जांभळ्या-हिरव्या जिवाणूंवरून फान नील यांनी काढलेला निष्कर्ष हे सारे ओळीने येते. प्रत्येक ठिकाणी विद्यार्थ्याला दिसते की अमुक केले, तमुक दिसले, म्हणून असे ठरले. विज्ञान शिकवण्याची हीच रीत आहे.

पण फान नील यांच्यापाशी प्रयोग संपतात. पुढे प्रकाशप्रणाली, सायटोक्रोम, एटीपी, एनएडीपी हे सारे विधानांच्या रूपात येते. दोन प्रकाशप्रणालींना एक आणि दोन ही नावे शोधाच्या क्रमाने पडली, कामाच्या क्रमाने नव्हे, असे पुस्तक सांगते. शोध लागला कसा ते सांगत नाही. दोन प्रणालींमधला सारा प्रवास 'सायटोक्रोमांची बनलेली इलेक्ट्रॉन वहन यंत्रणा' एवढ्यात आटोपतो. म्हणजे १८व्या आणि १९व्या शतकातील विज्ञान पुराव्यासह शिकवले जाते आणि २०व्या शतकातील विज्ञान आज्ञेसारखे.

हा पुरावा अवघड आहे म्हणून गाळला असेल असे म्हणता येईल. आम्हांला ते पटत नाही. शेताला पाणी देणाऱ्या घरातील मुलाला तो पाच मिनिटांत समजेल असा आहे.

पाट अडवून पाहणे

पाटाने पाणी चालले आहे, पण पाट गवताने झाकला आहे अशी कल्पना करा. पाणी कोठून कोठे जाते हे कसे शोधाल? एका ठिकाणी मातीचा बांध घालायचा आणि पाहायचे. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबेल, खालचे वाफे कोरडे पडतील. जेथे तुंबले ते आधीचे, जेथे कोरडे पडले ते नंतरचे. मग दुसऱ्या ठिकाणी बांध घालायचा आणि पुन्हा पाहायचे. चार-पाच बांधांत झाकलेल्या पाटाचा नकाशा कागदावर उतरतो.

हरितलवकातील इलेक्ट्रॉनांच्या मार्गाचा नकाशा मोठ्या प्रमाणावर याच रीतीने तयार झाला. बांध घालण्याचे काम केले विषारी रसायनांनी. त्यांना निरोधक म्हणतात. इलेक्ट्रॉन मिळालेल्या वाहकाला 'भरलेला' आणि इलेक्ट्रॉन गेलेल्या वाहकाला 'रिकामा' म्हणू. रसायनशास्त्राच्या भाषेत पहिला क्षपित, दुसरा ऑक्सिडीकृत. अनेक वाहकांचे प्रकाश शोषण्याचे गुण या दोन अवस्थांत वेगळे असतात, त्यामुळे ते भरले की रिकामे झाले हे उपकरणावर बाहेरून वाचता येते.

या कामाचा पाया घातला केंब्रिजच्या रॉबर्ट हिल यांनी. पानांतून वेगळी काढलेली हरितलवके लोहाच्या क्षारासारखा इलेक्ट्रॉन घेणारा पदार्थ दिला तर प्रकाशात ऑक्सिजन सोडतात, त्यासाठी कार्बन डायऑक्साइड लागत नाही, हे त्यांनी १९३७ ते १९३९ या काळात दाखवले. त्यामुळे अख्खे पान बाजूला ठेवून नुसत्या पाटावर प्रयोग करणे शक्य झाले.

पुढे १९५०च्या दशकात युरियापासून बनवलेली काही तणनाशके बाजारात आली. त्यांतल्या एकाचे नाव डाययुरॉन. प्रयोगशाळेत त्यालाच डीसीएमयू म्हणतात. १९५६ मध्ये वेसल्स आणि फान डर फेन यांनी या गटातील पदार्थ हिल यांची क्रिया अत्यल्प मात्रेत थांबवतात हे दाखवले. तण मारण्यासाठी शोधलेले औषध संशोधकांच्या हातात बांध म्हणून आले ते असे.

१९६१चा प्रयोग

या बांधाचा सर्वांत नेमका उपयोग १९६१ मध्ये हॉलंडमधील ड्यूसेन्स, आमेश आणि काम्प यांनी केला. त्यांनी पॉर्फिरिडियम हे तांबडे शेवाळ घेतले. या शेवाळात हरितद्रव्याबरोबर दुसरे एक तांबडे रंगद्रव्यही असते, त्यामुळे तांबडा प्रकाश मुख्यतः एका प्रणालीला आणि हिरवा प्रकाश मुख्यतः दुसरीला पोचतो. त्यांनी लक्ष ठेवले ते एका सायटोक्रोमवर. तांबडा प्रकाश टाकला की सायटोक्रोम रिकामे होई. त्याच्या जोडीला हिरवा टाकला की ते पुन्हा भरू लागे. एकच वाहक, पण एक प्रकाश त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि दुसरा त्याला इलेक्ट्रॉन पुरवतो.

मग त्यांनी डीसीएमयू घातले. तांबड्या प्रकाशात सायटोक्रोम पूर्वीप्रमाणेच रिकामे होत राहिले, परंतु हिरव्या प्रकाशाने ते भरणे बंद झाले. आपल्या पाटाच्या भाषेत, बांध सायटोक्रोमच्या वरच्या अंगाला पडला. हिरव्या प्रकाशाची प्रणाली बांधाच्या वर, तांबड्याची खाली. दोन प्रणाली आहेत, त्या एकामागून एक जोडलेल्या आहेत आणि सायटोक्रोम त्यांच्या मध्ये आहे, एवढे सारे या निरीक्षणांतून निघते. त्या लेखात ड्यूसेन्स यांनी त्यांना प्रणाली एक आणि दोन म्हटले. आदल्याच वर्षी, १९६० मध्ये, हिल आणि बेंडल यांनी दोन पायऱ्यांची कल्पना तर्काने मांडली होती. या प्रयोगाने तिला आधार मिळाला. झेड-आकृतीची ही खरी जन्मकथा पुस्तकाच्या अर्ध्या पानात मावेल.

याच सुमारास आणखी एक चतुर पडताळा झाला. बांधाखालचा पाट कोरडा पडला म्हणजे तो फुटलाच असे नाही, हे कसे दाखवायचे? खाली बादलीने पाणी ओतून. व्हर्नन आणि झॉग यांनी १९६० मध्ये पाण्याकडून येणारा इलेक्ट्रॉनांचा पुरवठा अडवलेल्या हरितलवकांना वेगळा इलेक्ट्रॉनदाता दिला : ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, आणि डीसीपीआयपी हा रंग यांची जोडी. ऑक्सिजन निघत नव्हताच, पण प्रकाशात एनएडीपी पुन्हा भरू लागला. म्हणजे खालचा पाट धड होता, अडथळा वरच होता.

एका ओळीमागचे मराठी नाव

या पुस्तकात आणखी एक वाक्य आहे, जे प्रश्नसंच काढणाऱ्यांचे आवडते आहे. हरितलवकात चकत्यांच्या चळतीसारख्या रचना असतात, त्यांना ग्राना म्हणतात. चळतींना जोडणारे पडदे वेगळे असतात. चळतींच्या पडद्यांत दोन्ही प्रकाशप्रणाली असतात, तर जोडणाऱ्या पडद्यांत दुसरी प्रणाली नसते, असे पुस्तक सांगते. का, कोणी पाहिले, याचा उल्लेख नाही.

हे दाखवणाऱ्या मुख्य कामांपैकी एक आहे साने, गुडचाइल्ड आणि पार्क यांचा १९७०चा शोधनिबंध. डॉ. पी. व्ही. साने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साबणासारखे द्रव न वापरता, केवळ दाबाने हरितलवके फोडून पडद्यांचे जड आणि हलके भाग वेगळे केले. जड भाग चळतींचा, हलका भाग जोडपडद्यांचा. हलक्या भागात पहिल्या प्रणालीचेच काम आढळले, जड भागात दोन्हींचे. एका प्रणालीचे काम दुसरीच्या कामापासून वेगळे मोजायचे तर वर सांगितलेलीच रीत उपयोगी पडते : डीसीएमयूचा बांध घाला, क जीवनसत्त्व आणि डीसीपीआयपी यांची बादली ओता, मग जे चालते ते पहिल्या प्रणालीचे.

पुढे साने यांनी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ताटके आणि देसाई यांच्याबरोबर आणखी एक नवलाची गोष्ट अभ्यासली. प्रकाश दिलेले पान किंवा हरितलवके अतिशय थंड करायची आणि मग अंधारात हळूहळू तापवायची. ठरावीक तापमानांना त्यांतून अत्यंत मंद प्रकाश बाहेर पडतो. पडद्यात अडकून राहिलेले इलेक्ट्रॉन माघारी येताना तो देतात. डीसीएमयू घातले की वरच्या तापमानाची झळाळी नाहीशी होते आणि तिच्याऐवजी खालच्या तापमानाची वाढते. म्हणजे इलेक्ट्रॉन पुढच्या मुक्कामाला पोचतच नाही, आधीच्या मुक्कामावर अडकतो. हे मुक्काम नेमके कोणते याचा उलगडा १९८२ मध्ये रदरफर्ड, क्रॉफ्ट्स आणि इनुए यांनी केला. साने पुढे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले. आपली मुले ज्या वाक्यावर गुण मिळवतात त्यामागे साने हे नाव आहे, हे वर्गात सांगायला किती वेळ लागतो?

पाट फोडणारे औषध

सर्वच निरोधक बांध घालत नाहीत. पॅराक्वाट हे तणनाशक वेगळ्या प्रकारचे आहे. ते पहिल्या प्रणालीच्या टोकापाशी इलेक्ट्रॉन मध्येच पळवते आणि लगेच ऑक्सिजनच्या रेणूला देते. पाट अडत नाही, तो फुटतो आणि पाणी शेजारच्या रानात जाते. इलेक्ट्रॉन मिळालेला ऑक्सिजन सुपरऑक्साइड नावाचे दाहक रूप घेतो, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते आणि पेशींचे पडदे जळतात. पॅराक्वाट मात्र संपत नाही. इलेक्ट्रॉन देऊन ते मोकळे होते आणि पुन्हा पुढचा पळवते. म्हणून थोडेसे औषध कडक उन्हात काही तासांत पान करपवते, ढगाळ हवेत किंवा अंधारात त्याला वेळ लागतो.

हे समजले की विद्यार्थ्याला एक फार महत्त्वाची गोष्ट आपोआप कळते. इलेक्ट्रॉन पळवून ऑक्सिजनला देण्याची ही क्रिया पानापुरती नाही. माणसाच्या फुप्फुसात पॅराक्वाट साठते. तेथे ऑक्सिजन मुबलक असतो आणि इलेक्ट्रॉन शरीराच्या स्वतःच्या विकरांकडून मिळतात, सूर्यप्रकाश लागत नाही. तेच चक्र तेथे चालते आणि फुप्फुसे निकामी होतात. पॅराक्वाटवर नेमका उतारा नाही. एखादा घोटही जिवावर बेतू शकतो. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. 'हे गवताचे औषध आहे, माणसाला काय करणार' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना अकरावीची मुलगी याचे कारण सांगू शकली, तर धडा शिकवल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू. नुसती झेड-आकृती पाठ केलेली मुलगी ते सांगू शकणार नाही.

'तण उपाशी मरते' हे विधान

पुस्तकाबाहेरच्या लिखाणातही एक चूक वारंवार आढळते. डाययुरॉन, ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन यांसारख्या औषधांनी 'अन्ननिर्मिती थांबते आणि तण उपासमारीने मरते' असे लिहिले जाते. अन्ननिर्मिती थांबते हे खरे. पण केवळ उपासमार असती तर फवारलेले तण अंधारात ठेवले काय आणि उन्हात ठेवले काय, सारखेच मरायला हवे होते. प्रत्यक्षात ते उन्हात लवकर मरते.

कारण असे की पाट अडला तरी ऊन थांबत नाही. हरितद्रव्य प्रकाश शोषतच राहते आणि त्या ऊर्जेला पुढे वाट नसते. काही ऊर्जा उष्णता होऊन जाते, काही लाल झळाळी होऊन बाहेर पडते आणि काही ऑक्सिजनला अतिशय क्रियाशील अवस्थेत नेते. हा ऑक्सिजन शेजारच्या मेद पदार्थांवर आणि प्रथिनांवर तुटून पडतो. तण मरते ते मुख्यतः या भाजण्याने. हा फरक लहान नाही. 'उपासमार' म्हटले की प्रकाश हा केवळ चांगला, जीवनदायी असा समज पक्का होतो. वनस्पती रोजच्या उन्हापासून स्वतःला कशी वाचवते हा सुंदर विषयच मग शिल्लक राहत नाही.

मका का वाचतो?

ही औषधे हरितलवकातील डी-१ नावाच्या प्रथिनाच्या एका खाचेत जाऊन बसतात. तेथे खरे तर प्लास्टोक्विनोन या वाहकाने बसून इलेक्ट्रॉन घ्यायचे असतात. खुर्ची अडली की प्रवास थांबतो. मक्यातील हरितलवके वेगळी काढून ॲट्राझिन घातले तर तीही थांबतात. मग मक्याच्या आणि ज्वारीच्या पिकात ॲट्राझिन वापरता येते ते कसे? कारण अख्खे झाड ते औषध ग्लुटाथायोन या छोट्या रेणूला जोडून, हरितलवकाला त्रास होण्याच्या आत निकामी करते. वाचण्याचे कारण पाटात नाही, पाटावर पोचण्यापूर्वीच्या पहाऱ्यात आहे.

काही तणांनी दुसरा मार्ग काढला. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ॲट्राझिनच्याच गटातील सिमाझिनला दाद न देणाऱ्या एका तणाची नोंद १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९८३ मध्ये हिर्शबर्ग आणि मॅकिन्टॉश यांनी राजगिऱ्याच्या जातकुळीतील एका तणात कारण शोधले : डी-१ प्रथिनातील २६४ क्रमांकाच्या जागी सेरीनऐवजी ग्लायसीन आले होते. एकच कडी बदलली, खाचेत औषध नीट बसेना आणि तण वाचले. हे जनुक हरितलवकात असल्यामुळे ते सहसा आईकडूनच पिढीत उतरते. प्रकाशसंश्लेषण, आनुवंशिकता आणि उत्क्रांती हे तीन वेगळे धडे येथे एकाच झाडात भेटतात. वर्षानुवर्षे एकच औषध वापरले तर तण का 'सरावते' याचे उत्तरही येथेच आहे. तण सरावत नाही. आधीपासून वेगळी असलेली थोडी रोपे मागे उरतात आणि त्यांचेच बी पुढे पडते.

येथे एक खबरदारीही सांगितली पाहिजे. दुकानात मिळणारे प्रत्येक तणनाशक प्रकाशसंश्लेषणावर काम करत नाही. ग्लायफोसेट आणि सोयाबीनमध्ये वापरले जाणारे इमाझेथापायर अमिनो आम्ले बनवण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्या अडवतात. २,४-डी वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. 'तणनाशक म्हणजे हरितद्रव्याचे विष' असे सरसकट शिकवणे हीसुद्धा चूकच.

निरोधकांवर किती विश्वास ठेवावा?

टीका एकतर्फी होऊ नये म्हणून निरोधकांच्या रीतीची मर्यादाही नोंदवतो. कोणतेही विष एकाच जागी काम करते असे गृहीत धरणे धोक्याचे असते. त्रेब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये डीबीएमआयबी हा निरोधक पुढे आणला. तो प्लास्टोक्विनोनकडून सायटोक्रोमांकडे जाणारी वाट अडवतो आणि तेथला नकाशा त्याच्यामुळे स्पष्ट झाला. पण मात्रा वाढली की तो दुसऱ्या ठिकाणीही हात घालतो. म्हणून शास्त्रज्ञ एका बांधावर थांबत नाहीत. बांध घालतात, बादली ओतून पाहतात, झळाळी मोजतात आणि अखेर प्रत्यक्ष रचना पाहतात. डायझेनहोफर, हूबर आणि मिशेल यांना १९८८चे नोबेल पारितोषिक मिळाले ते जांभळ्या जिवाणूच्या प्रकाशकेंद्राची रचना उलगडल्याबद्दल. त्या रचनेच्या अभ्यासात ॲट्राझिनच्या गटातील टर्ब्युट्रिन हे औषध क्विनोनच्याच खाचेत बसलेले दिसले. तीस वर्षे बाहेरून केलेला तर्क शेवटी डोळ्यांनी पाहता आला. पुरावा कसा जमत जातो, याचे इतके चांगले उदाहरण शालेय विज्ञानात क्वचित मिळेल.

वर्गात काय करता येईल?

पहिली सूचना निक्षून सांगतो. वर्गात किंवा प्रयोगशाळेत कोणतेही तणनाशक आणू नये. रिकामा डबाही आणू नये. हा विषय विषाशिवाय शिकवता येतो.

दुसरे, लाल झळाळी प्रत्यक्ष दाखवावी. पालकाची पाने बारीक करून स्पिरिटमध्ये घोटावी आणि कापडातून गाळावी. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ दिवा किंवा शेगडी नको. गडद हिरवा अर्क काचेच्या नळीत घेऊन खोलीत अंधार करावा आणि प्रखर टॉर्चचा झोत टाकून बाजूने पाहावे. अर्क रक्तासारखा लाल दिसेल. हिरव्या पानावर तोच झोत टाका, लाली दिसणार नाही. का? पानात ऊर्जेला पुढे पाट आहे, शोषलेल्या प्रकाशातील एक-दोन टक्केच झळाळी होऊन निसटतो. अर्कात पाटच मोडलेला आहे. मग विचारावे : डीसीएमयू दिलेल्या पानाची झळाळी वाढेल की घटेल? विद्यार्थी स्वतः सांगतील की वाढेल. उपकरणांवर नेमके तेच दिसते.

तिसरे, फळ्यावर चार बाटल्यांचे कोडे घालावे. चारही बाटल्यांत उजेडात ठेवलेली हरितलवके आणि एनएडीपी आहे. पहिलीत आणखी काही नाही. दुसरीत डीसीएमयू. तिसरीत डीसीएमयू, शिवाय क जीवनसत्त्व आणि डीसीपीआयपी. चौथीत पॅराक्वाट, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारे विकर बंद केलेले. कोणत्या बाटलीत ऑक्सिजन वाढेल, कोणत्या बाटलीत एनएडीपी भरेल? पहिलीत दोन्ही, दुसरीत एकही नाही, तिसरीत एनएडीपी भरेल पण ऑक्सिजन निघणार नाही. चौथी बाटली वर्गाला घोटाळ्यात पाडेल. तेथे ऑक्सिजन निघतो आणि त्याहून अधिक खर्च होतो, म्हणून बाटलीतला ऑक्सिजन उलट घटतो. या एका तासिकेत झेड-आकृती पाठ न करता तयार होते. वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांत डीसीएमयूचे नाव येते, पण 'कोठे अडथळा आणते' या प्रश्नापलीकडे गाडी जात नाही. चार बाटल्यांचे कोडे सोडवलेल्या मुलाला तो प्रश्न तर सुटेलच, न पाहिलेलाही सुटेल.

चौथे, फळ्यावरच्या आकृतीत उभी रेषा कशाची ते आवर्जून सांगावे. ती उंची नाही, ऊर्जा आहे. अनेक मुलांना पहिली प्रणाली दुसरीच्या 'वर' बसलेली असते असे वाटते.

हे कोणासाठी?

तासिका कमी, अभ्यासक्रम मोठा आणि परीक्षा जवळ, ही शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. तरीही हा पुरावा वगळणे परवडणारे नाही. मे २०२०मध्ये केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात ॲट्राझिन आणि डाययुरॉन ही दोन्ही नावे होती. २०२३मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा बंदी मोजक्याच औषधांवर आली आणि ही दोन त्यांत नव्हती. युरोपीय संघाने मात्र भूजलात उतरण्याच्या कारणावरून २००४मध्ये ॲट्राझिनची मान्यता काढून घेतली. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, हे येथे ठरवायचे नाही. पण हा वाद ज्यांच्या शेतात आणि विहिरीत चालू आहे त्यांच्या मुलांना तो समजावा एवढे शिक्षण त्यांना मिळाले पाहिजे. इस्लापूरच्या कापूस-सोयाबीनच्या शिवारातून वर्गात येणाऱ्या मुलाने फवारणीचा पंप बहुधा पाहिलेला असतो. त्या पंपातले द्रव आणि फळ्यावरचा झेड यांचा संबंध त्याला कोणीच सांगितलेला नसतो.

पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. पुढच्या आवृत्तीत फान नील यांच्यानंतर हिल, ड्यूसेन्स आणि साने यांना मिळून एक पान द्यावे, एवढी आमची मागणी आहे. तोपर्यंत ते पान शिक्षकांनी फळ्यावर लिहावे. यंदा हा धडा घेताना आकृतीला हात घालण्यापूर्वी एक पाट काढा, त्यावर एक बांध घाला आणि विचारा की आता पाणी कोठे तुंबेल. उत्तर द्यायला मागच्या बाकावरची मुलेही पुढे येतील.